रेणूच्या हातचा दाणा

वीरेंद्र डबे बनवायचा आणि रेणू त्यांच्यावर कातडं चढवायची. नवेगाव बांधात आणि आसपासच्या गावांत लोक असंच सांगत. डबे म्हणजे डीजेचे बॉक्स, स्पीकर बसवायचे. घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये वीरेंद्र जाड प्लाय कापायचा, आतून पट्ट्या ठोकायचा, सांधे भरायचा आणि छातीएवढा उंच बेसचा डबा उभा करायचा. त्याच्या कामात खोट नव्हती. पण उघडं लाकूड कोणी नेत नाही. लग्नाच्या हंगामात डबा दिवसातून दोनदा पिकअपवर चढतो, उतरतो, दोरांनी आवळला जातो, वरातीतल्या नाचणाऱ्यांचे धक्के खातो. त्याच्यावर जाड, खरखरीत, काळं, नखानं न निघणारं आवरण लागतं. ते रंग फवारायच्या गननं मारावं लागतं, आणि गन रेणूच्या हातात होती.

ती तिच्या हातात कशी आली तेही सांगायला हवं. रेणू चिचगडची. लग्न होऊन आली तेव्हा सासरी तिचा हात मंद ठरला. भाताच्या रोवणीला बायका ओळीनं वाकल्या की तिची पात सगळ्यांच्या मागे. सासू धुरपताबाई वाईट नव्हती, पण तोंडाची फटकळ. "इचे हात का भाड्यानं आनले का व?" असं चिखलाच्या बांधीतून ओरडायची आणि बायका खिदळायच्या. मग एकदा वीरेंद्र प्लाय आणायला गोंदियाला गेला होता आणि चार डबे अर्धवट पडले होते. त्यानं मारलेला रंग कुठं ओघळला होता, कुठं सपाट बसला होता. रेणूनं कंप्रेसर चालू केला, हवा कमी केली, आणि पहिला हात पातळ, उभा मारला. तो चिकट होऊ दिला. मग नोझल बदललं, हवा आणखी उतरवली आणि जरा लांबून आडवा हात फिरवला. थेंब उडाले आणि जिथल्या तिथं बसले. तांदळाच्या कनकीएवढा दाणा, सगळीकडे सारखा, कडांवर आणि कोपऱ्यांतसुद्धा. संध्याकाळी वीरेंद्र आला. त्यानं डब्यावरून तळहात फिरवला आणि बराच वेळ फिरवतच राहिला.

"कोनं मारलं हे?"

"मीच."

"तुले कोनं शिकवलं?"

"कोनी नाई. तुमी घाई करता. त्याले बसू द्या लागते."

त्या दिवसापासून वीरेंद्रनं गनला हात लावला नाही. देवरी, साकोली, अर्जुनीकडचे साउंडवाले यायचे, डब्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, वहिनीच्याच हातचा दाणा पायजे. धुरपताबाईनं रोवणीचं बोलणं सोडलं. कोणाच्या लग्नाला गेली की रेणू नवरा-नवरी पाहायच्या आधी मांडवाच्या कडेला लावलेले डबे पाहायची. आपले असले तर मान ताठ व्हायची. दुसऱ्या कोणाचे असले तर लोकांची नजर चुकवून बोटानं दाणा तपासायची. आयुष्यात पहिल्यांदा तिला असं काही येत होतं जे दुसऱ्या कोणाला येत नव्हतं.

देवरीचा भैय्यालाल हे त्यांचं मोठं गिऱ्हाईक. त्यानं एक दिवस दोन हंगाम वापरलेला डबा परत आणून दाखवला. दोरानं घासून कडा पांढऱ्या पडल्या होत्या.

"वहिनी, दाना लाख चांगला हाये, पन ह्या पान्याच्या रंगात दम नाई," तो म्हणाला. "ट्रकच्या डाल्याले मारतात तो मारा. सोळा डबे घेतो."

ट्रकचा तो कडक रंग, कोट म्हणतात तो, सडक अर्जुनीला मिळायचा. हायवेला लागून छोटेलालचं गॅरेज होतं, तिथं तो ट्रक आणि पिकअपची माल भरायची डाली आतून काळी करायचा. नवरा-बायको दोघं पाहायला गेले. छोटेलालनं बाटलीत काळा माल घेतला, त्यात दुसऱ्या डब्यातला, रंग टणक करणारा हार्डनर ओतला, खालीवर हलवला, बाटली गनला लावली. त्याआधी त्यानं तोंडावर रबराचा मास्क चढवला, दोन्ही गालांवर गोल डब्या असलेला. काम झाल्यावर मास्क काढून तो रेणूलाच म्हणाला, "भाभी, इसके बिना मत मारना. ये रंग नहीं है, दूसरी चीज है."

परतताना मोटरसायकलवर रेणूनं विचारलं, "अवो, त्या मास्काचं?"

"आनू ना. नागपूरले गेलो का आनू."

माल आला. मास्क आला नाही. हार्डनरच्या डब्यावर मास्क घातलेल्या माणसाचं चित्र होतं. रेणूनं ते नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "कंपनीवाले छापतच राह्यतात. आज सुरू कर, भैय्यालालची पहिली वरात आठ दिवसांवर आली." रेणूनं ओढणीची दुहेरी घडी केली आणि नाकातोंडावर बांधली. खरं बोलायचं तर तिनंही हट्ट धरला नाही. नवा माल हातात घ्यायची तिलाच घाई झाली होती. पहिला डबा मारला आणि तिला कळलं की असा दाणा आजवर बसलाच नव्हता. टणक, बारीक, आणि वाळल्यावर खिळ्यानं ओरखडला तरी ओरखडा न उमटणारा. तिनं सोळाही डबे एका आठवड्यात केले.

एक हंगाम असा गेला. दुसऱ्यात खोकला सुरू झाला. दिवसा काही नाही, पण संध्याकाळी चूल पेटवायला बसली की छाती आवळायची. धुरपताबाईनं अडुळशाचा काढा दिला. गावातल्या डॉक्टरनं बाटल्या दिल्या. दिवाळीला ती आठ दिवस चिचगडला गेली तेव्हा एकदाही खोकली नाही. आई म्हणाली, माहेरची हवा लागली पोरीला. परत आली आणि तिसऱ्या दिवशी खोकला पुन्हा हजर. या दोन गोष्टींची सांगड कोणीच घातली नाही.

फेब्रुवारीत, भर दुपारी, ती एका टॉपची, बेसवर ठेवायच्या डब्याची, डावी बाजू मारत होती. छातीवर कोणी येऊन बसावं तसं झालं. श्वास आत जाईना, बाहेरही येईना. तिनं आधी गन नीट खुंटीला अडकवली, कारण खाली ठेवली की नोझल खराब होतं. मग ती खाली बसली आणि आडवी झाली.

गोंदियाच्या छातीच्या डॉक्टर बाईंनी तिला तीन दिवस ठेवून घेतलं. चौथ्या दिवशी दोघांना समोर बसवून काम काय करता ते विचारलं. वीरेंद्रनं मोबाइलवर हार्डनरच्या डब्याचा फोटो दाखवला. बाईंनी तो मोठा करून वाचला.

"माहेरी गेल्या की बरं वाटायचं?"

"हो जी," रेणू म्हणाली, आणि दिवाळीतले ते आठ दिवस तिला आठवले.

"तुमच्या अंगानं हे ओळखून ठेवलंय. आता नुसता वास आला तरी श्वासनळ्या आवळतील. तोंडानं ओढायच्या पंपानं आराम पडेल, पण ही ओळख पुसता येत नाही. याला हात लावायचा नाही. जिथं हे मारतात तिथं पाऊल टाकायचं नाही."

"किती दिवस?" वीरेंद्रनं विचारलं.

"जन्मभर."

परतताना बस कोहमाऱ्याच्या पुढे गेल्यावर वीरेंद्र म्हणाला, "मी मास्क आनला नाई." रेणू खिडकीबाहेर पाहत होती. तुमची चूक नाही असं म्हणावं, हे तिला सुचलं. मी तरी कुठं थांबले, हेही सुचलं. पण ओठ हलले नाहीत. ते न बोललेलं वाक्य तसंच दोघांच्या मधे पडून राहिलं आणि पुढं ते उचलायला फार उशीर झाला.

तिनं जुन्या, पाण्याच्या रंगावर परतून पाहिलं. पण शेडच्या भिंतींवर, छतावर, जमिनीच्या धुळीत तो कोट दोन वर्षं बसला होता. कंप्रेसर चालू केला की धूळ उडायची आणि तिची छाती शिट्टी वाजवायची. शिवाय जुना रंग आता कोणाला नको होता. साउंडवाल्यांना कडक कोटाची सवय लागली होती. वीरेंद्रनं कंप्रेसर, गन, माल सगळं ठोक्यानं, म्हणजे खंडानं, केलेल्या वावरातल्या खोपडीत, राखणीच्या झोपडीत, नेलं, मोटारपंपाच्या लाइनीवर जोडलं आणि स्वतः मारू लागला. मास्कही आणला, छोटेलालकडे होता तसाच. संध्याकाळी बोडीत, वावराजवळच्या तळ्यात, अंघोळ करून, कपडे बदलून घरी यायचा. तरी त्याच्या केसांत, नखांत काहीतरी उरायचं. एक दिवस तो जेवायला बसला आणि वरण वाढता वाढता रेणूची छाती शिट्टी वाजवू लागली. धुरपताबाईनं धावत जाऊन पंप आणला. वीरेंद्र भरल्या ताटावरून उठला आणि अंगणाच्या फाटकापाशी जाऊन उभा राहिला. त्या दिवसापासून तो खोपडीतच झोपू लागला. धुरपताबाई दोन वेळचा जेवणाचा डबा पोचवायची.

"दुसरं काई करा ना," रेणू फोनवर म्हणायची. "दारं-खिडक्या करा."

"करतो. भैय्यालालची ही ऑर्डर होऊ दे. जबान देल्ली हाये."

पण ऑर्डर होत नव्हती. वीरेंद्रचा हात तसाच घाईचा राहिला होता. दाणा कुठं गारगोटीसारखा बसायचा, कुठं काचेसारखा सपाट. भैय्यालालनं दोन डबे घासून पुन्हा करायला लावले. तेव्हा रेणूनंच युक्ती काढली. म्हणाली, मोबाइल बाजूच्या डब्यावर ठेवा, स्पीकर चालू करा आणि मारा. ती घरी माजघरात बसायची, फोन कानाला लावून डोळे मिटायची. गनचा आवाज तिला दिसायचा. हवा जास्त झाली की फुसकारा बारीक व्हायचा, माल जास्त झाला की थुंकल्यासारखा.

"हवा कमी करा... आनखी. हां. आता हात थांबवू नोका. कड आली का? कडेच्या बाहेर जाऊन गन बंद करा, आत नोका करू."

"झाली. आता?"

"आता बसू द्या. दम धरा."

दहा-बारा दिवस असं चाललं. डबे नीट होऊ लागले. रेणूला कित्येक महिन्यांनी हात असल्यासारखं वाटू लागलं. दिवसातल्या त्या दोन तासांची ती वाट पाहायची. नवरा-बायकोत तेवढंच बोलणं उरलं होतं, आणि ते चांगलं होतं.

तेराव्या दिवशी, सकाळच्या कामात, गन बंद झाली आणि फोनमधून खोकला आला. कोरडा, तीनदा, शेवटी आखडलेला. रेणूनं डोळे उघडले. तो खोकला तिच्या ओळखीचा होता.

"कवापासून खोकलून राहिले तुमी?"

"धुराचा हाये. बाजूच्या बांधीत पेंढा जाळून राहिले."

तेव्हा तिच्या ध्यानात ते आलं जे पहिल्याच दिवशी यायला हवं होतं. त्याचा आवाज साफ येत होता. रबरातून माणसाचा आवाज असा येत नाही.

"मास्क कुठी हाये?"

पलीकडून बाटलीत माल ओतल्याचा आवाज आला.

"मी का विचारून राहिली? मास्क कुठी हाये?"

"गळ्यात हाये. मास्कात बोलता येते का व? तुले आयकू कसा येईन? मी दुपट्टा बांधतो बोलाच्या वक्ती."

"तेरा दिवस?"

"चारच डबे राहिले, रेणू. आज होऊन जाते."

"गन ठेवा खाली. ठेवा म्हनते मी!"

फोन बंद झाला. तिनं लावला, तो वाजत राहिला. पुन्हा लावला. कंप्रेसर चालू झाला असेल तर तो ऐकूच शकणार नव्हता, आणि ऐकायचं नसेल तर प्रश्नच नव्हता. धुरपताबाई बाजाराला गेली होती. शेजारचं दार कुलूपबंद होतं. रेणू तशीच निघाली. तेरा दिवस आपण त्याच्या तोंडावरचा मास्क आपल्या बोलण्यानं काढून ठेवला, एवढंच तिच्या डोक्यात घणासारखं वाजत होतं. पंप खिडकीच्या फळीवर राहिला.

शेतांच्या धुऱ्याधुऱ्यानं चालत ती वावरात पोचली तेव्हाच तिला धाप लागली होती. खोपडीच्या दारातून काळसर धुकं बाहेर येत होतं. ती वीस पावलांवर थांबली, जीव एकवटून ओरडली. "अवो!" आवाज कंप्रेसरच्या घरघरीत विरून गेला. वीरेंद्रची पाठ तिच्याकडे होती. त्याची गन भराभर फिरत होती, तिनं सांगितलं तशी नाही, जुन्याच घाईनं. तिनं मातीचं एक ढेकूळ उचलून फेकलं. ते दाराच्या चौकटीवर फुटलं. त्यानं मागं पाहिलं नाही.

कंप्रेसरच्या बटनाचा बोर्ड दाराच्या आत, उजव्या हाताला होता. आत फक्त चार पावलं. रेणूनं पदर नाकातोंडावर दाबला आणि आत गेली. खटका ओढला. कंप्रेसर थांबला. त्या अचानक शांततेत वीरेंद्र वळला, तर बायको ओल्या डब्यावर हात टेकून उभी. तोंड उघडं होतं, पण त्यातून काहीच येत-जात नव्हतं.

त्यानं तिला उचललं आणि पळत सुटला. सडकेपर्यंत पोचेपर्यंत त्यालाच दोनदा खाली बसावं लागलं. बांधाच्या तलावाकडून मासोळी घेऊन निघालेला एक टेम्पो थांबला. बर्फाच्या पेट्यांमधे तिला आडवं घातलं. वीरेंद्र तिच्या गालावर थापट्या मारत राहिला. सगळ्या रस्ताभर तो एकच बोलत होता, "ठेवली व, गन ठेवली मी. ठेवली."

रेणू वाचली. गोंदियात तिला अठरा दिवस ठेवलं, त्यातले सहा दिवस नाकातोंडात नळी होती. शुद्धीवर आली तेव्हा वीरेंद्र खाटेशेजारी स्टुलावर बसून खोकत होता. राउंडला आलेल्या डॉक्टर बाई पेशंटपाशी थांबल्या, पण पाहत त्याच्याकडे राहिल्या. "तुम्ही पण या खाली, तपासणीला," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्याच्याही हातात तिच्यासारखाच पंप आला. रेणूनं तो पाहिला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. रडण्याइतका श्वास तिच्याजवळ नव्हता.

घरी आल्यावर चारेक दिवसांनी भैय्यालाल आला. माणूस चांगला होता. फळं घेऊन आला, धुरपताबाईच्या पाया पडला, अंगणातल्या खाटेच्या कडेला बसून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. वावरातले उरलेले कच्चे डबे न्यायला आलो आहे, हे त्यानं शेवटी सांगितलं. एका डब्याच्या ओल्या कोटावर रेणूचा पंजा घसरत गेला होता आणि तसाच वाळून टणक झाला होता. तो डबा त्यानं घेतला नाही.

"आता कोन मारून देईन?" रेणूनं विचारलं. एवढं बोलायला तिला दोनदा थांबावं लागलं.

"हाये चिचगडाकडं एक बाई. नवीनच शिकली. तुमच्यासारखा हात नाई, पन चालते."

"तिले मास्काचं सांगजा. पहिल्याच दिवशी सांगजा, भैय्यालालभाऊ."

"हो ना, सांगतो ना," भैय्यालाल म्हणाला. तो पिकअपवरच्या डब्यांना दोर आवळत होता आणि गाठ कच्ची बसते का याकडे त्याचं लक्ष होतं. रेणू त्याच्या पाठीकडे पाहत राहिली. हा सांगणार नाही, हे तिला कळलं. त्या बाईचं नाव तिनं विचारलं, तर तेही त्याला नीट ठाऊक नव्हतं.

वीरेंद्रनं गन विकून टाकली. दारं-खिडक्याही त्याच्यानं होईनात, रंधा मारला की भुसा छातीत जायचा. रेणूला चुलीजवळ बसता येत नव्हतं, म्हणून म्हातारी धुरपताबाई सगळ्यांचं रांधायची. फटकळ बोलणं तिनं सोडलं होतं. घर इतकं गप्प झालं की शेजारीपाजारी यायचे ते पाणी पिऊन उठायचे. नवरा-बायको पुन्हा एका छताखाली राहू लागले, एवढं मात्र झालं.

महिन्यानं दोघांना तपासणीला बोलावलं होतं. डॉक्टर बाईंनी दोघांनाही यंत्रात फुंकायला लावलं आणि आकडे लिहून घेतले.

"हिचं पयलेसारखं होईन ना जी?" वीरेंद्रनं विचारलं.

"जेवढं उरलंय तेवढं जपायचं," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

बसस्टँडवरून घर फार लांब नाही. लग्न झालं तेव्हा रेणू डोक्यावर भाताचं ओझं घेऊन ते अंतर न थांबता चालायची. आता ती पंचायतीच्या ओट्यापाशी पहिल्यांदा बसली. हँडपंपापाशी दुसऱ्यांदा. दोन्ही वेळा वीरेंद्रही तिच्या बाजूला टेकला. आपल्याला एकटं वाटू नये म्हणून हा बसतो, असं तिला वाटलं, आणि किती दिवसांनी तिच्या मनात त्याच्यासाठी माया दाटली. तुमची चूक नाही हे बसमध्ये न बोललेलं वाक्य घरी जाऊन बोलून टाकावं म्हणून ती उठली आणि म्हणाली, "चला, आता बसत नाई मी. घरापर्यंत जाऊ."

वीरेंद्र उठला नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, मान खाली घालून तो श्वास ओढत होता.

"तू हो पुढं," तो म्हणाला. "मी येतो."

रेणू पुन्हा त्याच्या बाजूला बसली.